पाडता येतं, म्हणून रचावंसं वाटतं

माझ्या भाचीच्या चौथ्या वाढदिवसाला बांधकामाची तीन खेळणी आली. सगळ्यात मोठं खोकं राजवाड्याचं होतं. झाकणावर बुरूज, झुलता पूल, झेंडे. आत दोनशेच्या वर तुकडे आणि क्रमाक्रमाने जोडणी दाखवणारी पुस्तिका. पाहुणे गेल्यावर तिचे बाबा ते घेऊन बसले. रात्री साडेअकराला राजवाडा उभा राहिला, तेव्हा जिच्यासाठी उभारला ती सोफ्यावर झोपून गेली होती. दुसऱ्या दिवशी तिने दहाएक मिनिटं त्यातल्या राणीला आतबाहेर केलं. मग एक बुरूज निखळला. तो बाबा ऑफिसातून येईपर्यंत तसाच पडून राहिला, आणि दोन-तीनदा असं झाल्यावर राजवाडा शोकेसमध्ये गेला.

त्याच सुमारास घरात कपाटाचं काम निघालं होतं. सुतारमामांच्या पायाशी पडलेले सागाचे तुकडे हिला हवे होते. दोन दिवस ती मागे लागली, तेव्हा त्यांनी पट्टीचे एकसारखे तुकडे कापले, कडांवरून पॉलिश पेपर फिरवला आणि एका पिशवीत भरून दिले. तीस-बत्तीस असतील. रंग नाही, चित्र नाही, पुस्तिका तर नाहीच. त्या तुकड्यांची घरं झाली, रस्ते झाले, एकदा वडापावची गाडी झाली. सकाळी दूध पिऊन ती त्यांच्याकडे जाते आणि शाळेची रिक्षा येईपर्यंत उठत नाही.

सुताराच्या उरलेल्या तुकड्यांत राजवाड्यापेक्षा काय जास्त होतं? मला सापडलेलं उत्तर साधं आहे. राजवाडा पडला की तिला बाबांची वाट पाहावी लागायची. ठोकळे पडले की ती स्वतःच पुन्हा मांडायची. बालवाडीच्या वयातलं मूल कशात रमेल हे खोक्यावरच्या चित्रावरून कळत नाही. मोडलेलं त्याला एकट्याला पुन्हा उभं करता येतं का, यावरून बरंच कळतं.

तीन ठोकळ्यांचा पूल

मुलाची वाढ तपासताना बालरोगतज्ज्ञ अनेकदा एक इंची लाकडी ठोकळे पुढ्यात ठेवतात. दीड वर्षाचं मूल साधारण तीन ठोकळे एकावर एक ठेवतं, दोन वर्षांचं सहा, तीन वर्षांचं नऊ-दहा. तिसऱ्या वर्षाच्या आसपास ते करून दाखवलेला तीन ठोकळ्यांचा पूल तसाच करून पाहतं, चौथ्याच्या आसपास पाच ठोकळ्यांचं फाटक आणि त्यानंतर पायऱ्या. हे टप्पे ढोबळ आहेत, एखादं मूल मागेपुढे असतंच. पण त्यांचा क्रम पाहिला की खेळणं निवडणाऱ्याला बरंच कळतं.

तीन ठोकळ्यांचा पूल म्हणजे काय, हे जमिनीवर बसून एकदा पाहण्यासारखं आहे. दोन ठोकळे ठेवायचे, मध्ये फट सोडायची आणि तिसरा त्यांच्यावर आडवा ठेवायचा. आपल्याला यात काही वाटत नाही. भाची हे शिकत होती तेव्हा पहिल्यांदा फट एवढी मोठी झाली की वरचा तुकडा मधोमध खाली पडला. तिने एक खांब जवळ सरकवला. आता तुकडा एका बाजूला टेकला, दुसऱ्या बाजूला लटकला. मग खांब अगदी चिकटवले. तुकडा बसला, पण खालून गाडी जाईना. चौथ्या वेळी अंतर जमलं, तर हात काढताना बोट लागून सगळंच कोसळलं. या वयात वस्तू पकडण्यापेक्षा ती अलगद सोडणं जास्त अवघड असतं. पाचव्या वेळी तिने श्वास रोखून हात काढला, मागे सरकली आणि कुणी पाहिलं का म्हणून आमच्याकडे पाहिलं. अंतर, उंची, भार, हाताचा वेग यांच्याबद्दल तिला कुणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. चूक कुठे झाली, ते पडणाऱ्या तुकड्याने दर वेळी दाखवलं होतं.

न्यूयॉर्कच्या हॅरिएट जॉन्सन या शिक्षिकेने बालवाडीतल्या मुलांचं हे बांधकाम वर्षानुवर्षं टिपून ठेवलं आणि १९३३ मध्ये त्यावर छोटं पुस्तक काढलं. तिला दिसलेला क्रम आजही शिक्षक वापरतात. अगदी लहान मूल ठोकळे नुसतेच इकडून तिकडे नेतं. मग रांगा लावतं, मनोरे रचतं. मग पूल येतो. त्यानंतर चारही बाजूंनी बंद होणारं कुंपण. पुढे डावी-उजवी बाजू सारखी असलेल्या नक्षीदार रचना. आधी रचून झाल्यावर मूल सांगतं, ‘हे घर आहे.’ नंतर कधीतरी ते आधी सांगतं, ‘मी आता स्टेशन करणार,’ आणि मग करायला घेतं.

दोनशे तुकड्यांचा राजवाडा या शेवटच्या टप्प्याच्याही पुढचा होता, तोही दुसऱ्याने आधीच ठरवून ठेवलेला. कुंपणाच्या टप्प्यावरच्या मुलीला तो देणं म्हणजे अक्षरं गिरवणाऱ्याच्या हातात कादंबरी देणं.

एकास दोनास चार

ठोकळे शिक्षणात पद्धतशीरपणे आणणारा माणूस जर्मन होता. फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) तरुणपणी बर्लिनमध्ये स्फटिकशास्त्रज्ञ वाइस यांच्या हाताखाली खनिजांचा अभ्यास करत होता. साध्या आकारांतून गुंतागुंतीचे आकार वाढत जातात, हे त्याने स्फटिकांत पाहिलं. पुढे १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग गावात त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. आपल्याकडचं ‘केजी’ तिथूनच आलं.

फ्रोबेलने मुलांसाठी खेळण्यांचे क्रमवार संच केले आणि त्यांना ‘देणग्या’ म्हटलं. पहिली देणगी लोकरीच्या सहा चेंडूंची. दुसरी लाकडी गोल, घन आणि दंडगोलाची. तिसरी म्हणजे दोन इंची घनाचे केलेले आठ छोटे घन. चौथीत तोच दोन इंची घन आठ विटांमध्ये कापलेला, प्रत्येक वीट अर्धा इंच जाड, एक इंच रुंद, दोन इंच लांब. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटच्या आईने १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ही खेळणी पाहिली आणि मुलासाठी घेतली. आपल्या वास्तुकलेची मुळं तो म्हातारपणीही त्या ठोकळ्यांत शोधत असे.

पण फ्रोबेलच्या पद्धतीत एक शिस्त होती. ठोकळे चौकटी आखलेल्या टेबलावर काढायचे, सगळेच वापरायचे, बाई सांगतील त्या क्रमाने मांडायचे आणि शेवटी पुन्हा घन करून खोक्यात ठेवायचे. या पद्धतीचं शिक्षण घेतलेल्या कॅरोलाइन प्रॅट या अमेरिकन शिक्षिकेला ती जाचू लागली. ती सुतारकाम शिकलेली होती. एका मैत्रिणीच्या मुलाला ठोकळे, खेळणी आणि पुठ्ठ्याची खोकी यांतून जमिनीवर आख्खी रेल्वे उभी करताना तिने पाहिलं, आणि टेबल बाजूला सारलं. तिने न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली शाळा सुरू केली आणि तिथे मुलांना स्वतः बनवलेले ठोकळे जमिनीवर मोकळे दिले.

प्रॅटचा मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच जाड. म्हणजे जाडी, रुंदी आणि लांबी यांचं प्रमाण एकास दोनास चार. फ्रोबेलच्या चौथ्या देणगीतल्या विटेचं प्रमाणही नेमकं हेच आहे. बाकीचे तुकडे याच मापाचे: अर्धा, दुप्पट, चौपट, तिरका कापलेला. या प्रमाणामुळे दोन अर्धे मिळून एक होतो, दोन आडवे तुकडे एका उभ्याच्या बरोबरीला येतात, आणि एका बाजूचा खांब कमी पडला तर दुसरा एखादा तुकडा घालून उंची जुळवता येते. मुलाला अपूर्णांक माहीत नसतो. पण मोठा तुकडा संपला की दोन छोटे लावून भागतं, हे त्याच्या हाताला आधी कळतं. प्रॅटने या ठोकळ्यांचं पेटंट घेतलं नाही, म्हणून आज कुणीही सुतार ते करून देऊ शकतो. साधारण १४ × ७ × साडेतीन सेंटिमीटर एवढं माप सांगितलं तरी पुरे.

गाठीची वीट आणि चुंबकाची फरशी

आजच्या पालकांच्या मनात मात्र ठोकळे म्हटलं की प्लॅस्टिकची वीट येते. तिचा मालकही सुतारच. ओले किर्क क्रिस्टियनसन याने १९३२ मध्ये, मंदीच्या दिवसांत, डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी लाकडी खेळणी करायला घेतली. त्याच्या कंपनीचं ‘लेगो’ हे नाव ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून आलं. प्लॅस्टिकच्या विटा १९४९ मध्ये आल्या. त्यांच्यामागे हिलरी फिशर पेज या इंग्रज खेळणीकाराच्या विटांचं वळण होतं. सुरुवातीच्या विटा आतून पोकळ होत्या आणि एकमेकींना नीट धरत नव्हत्या. २८ जानेवारी १९५८ ला विटेच्या पोटात नळ्या असलेल्या रचनेचा पेटंट अर्ज झाला. वरच्या गाठी या नळ्या आणि विटेच्या भिंती यांच्यामध्ये घट्ट अडकू लागल्या आणि वीट खऱ्या अर्थाने वीट झाली. आठ गाठींच्या एकाच रंगाच्या सहा विटा ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ तऱ्हांनी जोडता येतात.

एवढ्या शक्यता असूनही तीन वर्षांच्या मुलाला त्या पेलत नाहीत, कारण त्यांना बोटांची ताकद लागते. जोडणं एकवेळ जमतं, सुटं करणं जमत नाही. आणि सुटं करता आलं नाही की मूल विटा घेऊन तुमच्यापाशी येतं, दर दोन मिनिटांनी. म्हणून १९६९ मध्ये ड्युप्लो आली. तिची लांबी, रुंदी, उंची साध्या विटेच्या दुप्पट, म्हणजे आकारमान आठपट. लहान विटा तिच्यावर बसतात, त्यामुळे मूल मोठं झालं तरी ती वाया जात नाही.

लाकडी ठोकळा आणि गाठीची वीट यांचं शिकवणं वेगळं. ठोकळ्याला कुणी धरून ठेवत नाही, त्यामुळे तोल मुलालाच सांभाळावा लागतो. विटेत तोलाची चिंता कमी, पण गाठ बरोबर समोर आणून दाबावी लागते, आणि केलेली वस्तू हातात उचलून घरभर फिरवता येते. विमान करून उडवण्याचा नाद असलेल्या मुलाला वीट आवडते. रस्ते, पूल, गावं मांडणाऱ्याला ठोकळा. कडांना चुंबक असलेल्या पारदर्शक फरश्या या दोन्हींच्या मधल्या. त्या न दाबता चिकटतात, भिंत क्षणात उभी राहते, म्हणून साडेतीन-चारच्या मुलांना त्या फार रुचतात. आपल्याकडचा ‘मेकॅनो’, म्हणजे नटबोल्ट आणि पट्ट्यांचा संच, लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये पेटंट केला. तो बालवाडीच्या मुलासाठी नव्हे, दुसरी-तिसरीच्या पुढचा आहे.

पसारा किती आणि मोठ्यांनी काय करायचं

तुकडे किती घ्यावेत, हा पुढचा प्रश्न. माझ्या पाहण्यात आकार थोडे आणि संख्या जास्त, हे चालतं. वीस वेगवेगळ्या आकारांचे वीस तुकडे असले की प्रत्येकाचं एकच काम ठरून जातं. चार आकारांचे चाळीस असले की एक भिंत पुरती होते आणि दारासाठीही उरतात. चाकांचा एक तुकडा आणि दोन-तीन माणसं किंवा प्राणी असतील तर गोष्ट सुरू व्हायला मदत होते. मात्र सगळं एकाच वेळी काढून ठेवू नये. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळण्यांसोबत खेळू दिलं. चार खेळणी असताना मुलं एकेका खेळण्यापाशी जास्त वेळ थांबली आणि ते जास्त तऱ्हांनी वापरलं. मुलं थोडी आणि वयाने लहान होती, पण घरातला अनुभवही याहून वेगळा नसतो. अर्धी खेळणी माळ्यावर टाकावीत आणि महिन्याने बदलावीत.

पसाऱ्याचं भय वाटत असेल तर जुनी चादर जमिनीवर अंथरावी आणि खेळ तिच्यावरच व्हावा. जेवायच्या वेळी चारही कोपरे उचलले की सगळं एका गाठोड्यात जातं. मात्र मुलाने ‘हे मोडू नको’ असं सांगितलं असेल तर ती रचना उद्यापर्यंत कोपऱ्यात राहू द्यावी. अर्धवट राहिलेलं काम सकाळी त्याला परत तिथेच खेचून नेतं. रोज रात्री सगळं आवरून टाकलं तर रोज शून्यापासून सुरुवात होते.

मोठ्यांनी जवळ बसावं, पण हात मांडीवर ठेवून. पूल पडताना पाहून आपला हात आपोआप पुढे जातो, आणि तो एकदा पुढे गेला की मूल पुढच्या वेळी स्वतः जुळवण्याऐवजी आपल्याकडे पाहतं. बोलावं मात्र भरपूर. अमेरिकेत २०११ मध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ठोकळे खेळताना आईबाप आणि मुलं जागा, दिशा सांगणारे शब्द इतर खेळांपेक्षा जास्त वापरतात. काहीतरी ठराविक करून पाहायला सांगितलं तर आणखीच जास्त. मराठीत तर या शब्दांची चंगळ आहे. आडवा, उभा, तिरका, उपडा, कडेला, मधोमध, आरपार, अलीकडे, पलीकडे, टेकू. ‘याला टेकू देऊ या का?’ असं एकदा म्हटलं आणि भाचीच्या तोंडी ‘टेकू’ आठवडाभर होता. पलंगावरच्या उशीलाही तिने टेकू दिला.

घेण्याआधी

दुकानात पहिल्यांदा आयएसआय चिन्ह पाहावं. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचं आहे. विजेवर न चालणाऱ्या खेळण्यांसाठीचं मानक आयएस ९८७३ या क्रमांकाचं. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना यात सूट आहे, म्हणून चन्नपट्टण किंवा सावंतवाडीची लाकडी खेळणी घेताना कडा, तुसं आणि रंग स्वतः हात फिरवून पाहावेत. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी लहान तुकड्यांची तपासणी एका नळकांड्यात होते. त्याचं तोंड ३१.७ मिलिमीटर, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून थोडं मोठं. जो तुकडा त्यात पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो. मोठं मूल चारचं असलं तरी घरात रांगणारं धाकटं असेल तर माप धाकट्याचं धरावं.

चुंबकाच्या खेळण्यात एक धोका वेगळा आहे. तडकलेल्या फरशीतून सुटलेले दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या वेगवेगळ्या वळणांतून एकमेकांना ओढतात, मधली भिंत दाबली जाते आणि तिला भोक पडू शकतं. तडा दिसला की ती फरशी फेकून द्यावी, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठावं.

किल्ल्याचं शहाणपण

हे सगळं आपल्याला नवं नाही. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचं काम केलं, तेव्हा माँटेसरीची महाग साधनं आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती. त्यांनी शिंपले, बिया, खडे, पानं यांतून साधनं उभी केली. आणि त्याही आधीपासून दिवाळीत मराठी घरांच्या अंगणात किल्ले उठतात. विटा, दगड, गोणपाट, वर चिखलाचा लेप, उतारावर हळीव पेरून आणलेली हिरवळ, माथ्यावर महाराज आणि पायथ्याशी मावळे. किल्ला चार दिवसांनी मोडणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे कुणी जपत बसत नाही. बुरूज ढासळला की चिखल आणला जातो.

या दिवाळीत भाची तिच्या मोठ्या भावंडांच्या किल्ल्यापाशी गेली तेव्हा तिला कुणी हात लावू देईना. ती घरात गेली आणि सागाच्या तुकड्यांची पिशवी घेऊन आली. दोन उभे, एक आडवा, मध्ये गाडी जाईल एवढी फट. तो महादरवाजा ठरला. भाऊबीजेनंतर किल्ला पाण्याने विरघळवला, ठोकळे नळाखाली धुऊन गच्चीवर वाळत घातले. मोजताना एक कमी भरला. तो बहुधा अजून चिखलात असेल. तिने सुतारमामांना फोन लावायला सांगितलं आहे.